चांदीला पाणी देता येत नाही

दागिने घडवण्याचे प्राथमिक शिक्षण तीन कामांवर उभे असते: धातू ठोकून आकार देणे, तो तापवून मऊ करणे आणि दोन तुकडे झाळणे. यांतल्या दुसऱ्या कामाबद्दलचा एक गैरसमज नवशिक्यांच्या डोक्यातून काही केल्या जात नाही. तापलेली चांदी पाण्यात टाकली की कडक होते, म्हणून ती आपोआप निवू द्यावी, असा तो समज.

हा समज लोहाराच्या भात्यावरून आलेला आहे. विळ्याला पाणी दिले की धार टिकते, हे खेड्यापाड्यांत सर्वांनी पाहिलेले असते. पण विळा पोलादाचा असतो. पोलादातला कार्बन झटकन थंड होताना लोखंडाच्या स्फटिकांत अडकतो आणि त्यांची रचनाच बदलते. चांदी, तांबे, पितळ यांत असे काहीही घडत नाही. हे धातू कडक होतात ते ठोकण्याने आणि ओढण्याने. प्रत्येक घावाने त्यांचे स्फटिक वेडेवाकडे होतात आणि पुढे सरकायला अडतात. पुरेसे तापवले की नवे स्फटिक तयार होतात. मऊपणा येतो तो तिथेच, आणि पाणी तो काढून घेऊ शकत नाही. ज्याला शंका असेल त्याने तांब्याच्या तारेचे दोन तुकडे लाल करावेत, एक पाण्यात विझवावा, दुसरा तसाच निवू द्यावा. दोन्ही सारखेच सहज वाकतात.

९२५ चांदीत तर उलटेच होते. तिच्यात साडेसात टक्के तांबे असते. ती सावकाश निवली तर हे तांबे आतल्या आत वेगळे पडू लागते आणि धातू किंचित कडक होतो. म्हणजे ज्या भीतीने पाणी टाळले, तेच पदरात पडते.

बंजारा समाजातील वडीलधाऱ्या बायकांच्या गळ्यातली जुनी हासळी पाहिली की हा सगळा प्रकार एकाच दागिन्यात दिसतो. मध्ये जाड आणि टोकांकडे निमुळती होणारी चांदीची ही सळई ऐरणीवर फिरवत ठोकावी लागते. काही वेळाने हातोडीचा आवाज चढतो, हातोडी उसळू लागते. सळई तापवण्याची वेळ झाली, हे त्यावरून कळते. तरीही ठोकत राहिले तर कडेला चीर जाते आणि केलेले काम वाया जाते. शेवटचे घाव मात्र पुन्हा न तापवता ठेवतात. गळ्यात घालताना फाकवलेली हासळी आपल्या जागी परत येते ती त्या घावांमुळे.

९२५ चांदी साधारण ६५० अंश सेल्सिअसला तापवावी लागते. त्या तापमानाची अंधुक लाली फक्त सावलीत दिसते. विदर्भातल्या उघड्या उन्हात लाली दिसेपर्यंत चांदी ८०० अंशांच्या आसपास, म्हणजे वितळू लागण्याच्या बेतात आलेली असते. लाली उतरली की मगच विझवावे. खडे बसवलेला किंवा बंद पोकळी असलेला दागिना पाण्यात टाकूच नये.

झाळण्याच्या कामातही चुकीच्या कल्पना आहेत. ज्योत डाखावर, म्हणजे सांधा जोडणाऱ्या मिश्रधातूवर, धरायची नसते. दोन्ही तुकडे सारखे तापले की डाख स्वतःच सांध्यात शिरतो. टाकणखार डाख वितळवत नाही, तो सांध्यावर ऑक्साइड जमू देत नाही. चांदीच्या खरेपणाबद्दलही असेच गैरसमज आहेत. चांदी काळी पडली म्हणून ती खोटी ठरत नाही. हवेतल्या गंधकयुक्त वायूंनी अस्सल चांदीही काळवंडते. जर्मन सिल्व्हरमध्ये मात्र चांदी नावालाही नसते, ते तांबे, जस्त आणि निकेलचे मिश्रण असते.

‘केडीएम’ म्हणजे जास्त शुद्ध सोने, असे अजूनही सर्रास सांगितले जाते. ते कॅडमियम घातलेल्या डाखाचे नाव आहे. कॅडमियम ७६७ अंशांना उकळते आणि त्याची वाफ कारागिराची फुप्फुसे आणि मूत्रपिंडे खराब करते. सोन्याच्या शुद्धतेसाठी भारतीय मानक ब्युरोची खूण, शुद्धतेचा आकडा (२२ कॅरेटसाठी ९१६) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक पाहावा. हॉलमार्क केलेल्या सोन्याच्या दागिन्यांवर हा क्रमांक १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा आहे.