आरोग्यशाखांतील वैज्ञानिक इंग्रजीचे अध्यापन

आरोग्यशाखांतील वैज्ञानिक इंग्रजीचे अध्यापन : वैद्यक, दंतवैद्यक, परिचर्या, भौतिकोपचार, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी इ. शाखांतील ज्या विद्यार्थ्यांची मातृभाषा इंग्रजी नाही, त्यांना शास्त्रीय ग्रंथ वाचता यावेत, रुग्णपत्रिका अचूक लिहिता यावी व संशोधनलेखांचे आकलन व्हावे, या हेतूने दिले जाणारे भाषाशिक्षण. दुसऱ्या महायुद्धानंतर विकसित झालेल्या ‘विशिष्ट प्रयोजनार्थ इंग्रजी’ या अध्यापनशाखेचा हा एक भाग होय. साहित्याच्या अभ्यासाशी त्याचा संबंध अल्प असून विद्यार्थ्याला व्यवसायात भाषेकडून कोणते काम करून घ्यावयाचे आहे, यावर त्याचा पाठ्यक्रम ठरतो.

महाराष्ट्रात या प्रश्नाला दीर्घ इतिहास आहे. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात १८४५ पासून इंग्रजीतून शिक्षण सुरू झाले. पुढे त्याच संस्थेत मराठी व गुजराती माध्यमांचे वर्गही चालविण्यात आले आणि डॉ. सखाराम अर्जुन (१८३९–८५) यांच्यासारख्यांनी मराठीत वैद्यकीय ग्रंथरचना केली. ही परंपरा उच्च शिक्षणात टिकली नाही. राज्याच्या भाषा संचालनालयाने शरीर, औषधशास्त्र, विकृतिशास्त्र इ. विषयांचे परिभाषा कोश सिद्ध केले, तरी आधुनिक वैद्यकाचे अध्यापन इंग्रजीतूनच होत राहिले. मध्य प्रदेशात ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रथम वर्षाची वैद्यकीय पाठ्यपुस्तके हिंदीत प्रसिद्ध झाली; त्यांतही बहुसंख्य संज्ञा मूळ इंग्रजीच, फक्त देवनागरीत लिहिलेल्या आहेत.

नाशिक येथे १९९८ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना झाली. तोपर्यंत राज्यातील निरनिराळ्या विद्यापीठांशी संलग्न असलेली आरोग्यशिक्षणाची महाविद्यालये त्यामुळे एका छत्राखाली आली आणि भाषेच्या पूर्वतयारीतील तफावतही एकाच परीक्षापद्धतीत प्रकर्षाने दिसू लागली. वैद्यकीय प्रवेशाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा २०१७ पासून मराठीतूनही देता येते. परंतु ती मराठीतून उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षीच शारीरशास्त्राचे जाडजूड इंग्रजी ग्रंथ हाताळावे लागतात. विषय समजूनही तो उत्तरपत्रिकेत मांडता न येणे, ही अशा विद्यार्थ्याची खरी अडचण असते आणि तिला बुद्धिमांद्य समजणे अन्यायाचे ठरते.

पारिभाषिक संज्ञा कठीण वाटत असल्या, तरी त्या तुलनेने लवकर साध्य होतात. ग्रीक व लॅटिन उपसर्ग-प्रत्ययांची काही डझन रूपे कळली की, शेकडो शब्दांचा उलगडा होतो. संस्कृत सामासिक शब्दांची सवय असलेल्या मराठी विद्यार्थ्याला ही पद्धत परकी वाटत नाही. मात्र उच्चारसाम्य घातक ठरू शकते. ‘हायपो’ म्हणजे न्यून व ‘हायपर’ म्हणजे अधिक. घाईत ऐकताना एका अक्षराने अर्थ उलटतो. ‘इलियम’ हा एकच उच्चार लहान आतड्याच्या अखेरच्या भागाला व श्रोणीतील रुंद हाडालाही आहे, फरक केवळ एका वर्णाच्या लेखनाचा. तोंडी सांगितलेल्या मात्रेत ‘फिफ्टीन’ व ‘फिफ्टी’ यांची गल्लत होऊ नये म्हणून अंक सुटे उच्चारण्याची शिस्त लावतात.

याहून अवघड असतात ते ओळखीचे भासणारे शब्द. ‘अक्यूट’चे भाषांतर विद्यार्थी ‘तीव्र’ असे करतो. वैद्यकात मात्र त्याचा रोख विकाराच्या आकस्मिक आरंभाकडे व अल्प कालावधीकडे असतो, उग्रतेकडे नव्हे. चाचणी ‘पॉझिटिव्ह’ येणे ही रुग्णाच्या दृष्टीने बहुधा चांगली वार्ता नसते. ‘सिग्निफिकंट’ हा शब्द संख्याशास्त्रात महत्त्व दर्शवीत नाही. दोन गोष्टींचा ‘संबंध आढळला’ आणि एकीमुळे दुसरी ‘घडली’ या विधानांतील अंतर ज्याला वाचता येत नाही, त्याला संशोधनलेख वाचता आला असे म्हणता येणार नाही. मराठीतील ‘पासून’ हे एकच शब्दयोगी अव्यय कालबिंदू व कालावधी दोहोंना चालते. त्यामुळे रुग्णपत्रिकांत ‘दोन दिवसांपासून ताप’ याचे ‘सिन्स टू डेज’ असे रूपांतर सर्रास आढळते. ही चूक अर्थाला फारशी बाधक नाही आणि तिच्यावर शिक्षकांनी खर्च केलेली शाई काहीशी अनाठायीच होय.

रुग्णाचे बोलणे इंग्रजीत नोंदविणे हे या अध्यापनाचे सर्वांत नाजूक अंग आहे. ‘चक्कर’ या शब्दाने रुग्ण कधी सभोवतालचे फिरणे, कधी डोळ्यांपुढे अंधारी, तर कधी नुसता अशक्तपणा सांगतो. इंग्रजीत या तिन्हींना स्वतंत्र संज्ञा असून निदानाची दिशाही निराळी असते. कळ, ठणका, रग, चमक, मुंग्या या वेदनाभेदांना सरसकट ‘पेन’ म्हटल्यास रुग्णाने दिलेली माहिती कागदावर येईपर्यंत नष्ट होते. नाशिक जिल्ह्यात बागलाण-कळवणकडे अहिराणी, पेठ-सुरगाण्याकडे कोकणा आदी आदिवासी बोली व मालेगावात उर्दू बोलली जात असल्याने प्रमाण मराठी जाणणाऱ्या विद्यार्थ्यालाही आधी विचारून अर्थ निश्चित करावा लागतो. आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यापुढे आणखी एक पेच असतो : ‘वात’ची इंग्रजी ‘वायू’ किंवा ‘वारा’ अशी केल्यास संकल्पनाच हरवते, म्हणून मूळ संज्ञा कायम ठेवून तिचे विवरण करण्याचा प्रघात पडला आहे.

पदवीपूर्व वैद्यकाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात आरंभीच्या पायाभूत वर्गात इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेचाही अंतर्भाव करण्यात आला. परिचर्येच्या पदवीच्या सुधारित अभ्यासक्रमात संभाषणात्मक इंग्रजी हा विषय पहिल्या सत्रात आहे. असे वर्ग बहुधा प्रारंभीच आटोपतात, रुग्णकक्षातील काम मात्र नंतर सुरू होते. भाषाशिक्षक व विषयशिक्षक यांनी मिळून प्रत्यक्ष रुग्णपत्रिका तपासणे अधिक फलदायी असले, तरी त्यासाठी भाषाशिक्षकाला रुग्णालयात आणि डॉक्टरला वाक्यरचनेत वेळ द्यावा लागतो.