चाळणीखाली पडलेले खेळ

एका शिक्षक-वाचकाने विचारलेला प्रश्न मनातून जात नाही. त्यांचं म्हणणं असं : अमेरिकेतली शाळकरी मुलं एवढी खटपट करून शाळेच्या इंटरनेटवरचा फिल्टर चुकवतात आणि शेवटी उघडतात काय, तर सोळा घरांत आकडे सरकवण्याचा खेळ. घरी झगमगीत खेळ असताना शाळेत हे दरिद्री खेळ का? याला ‘फुकट मिळतात म्हणून’ हे ठरलेलं उत्तर आहे, पण ते अर्धंच आहे. फुकट खेळ लाखांनी आहेत. त्यातले मोजकेच वर्षानुवर्षं वर्गांतून फिरत राहिले. माझ्या मते फिल्टरने खेळ बंद केले नाहीत, निवडले. पिठाच्या चाळणीला गव्हाची जात कळत नाही, कणाचा आकार तेवढा कळतो. शाळेच्या चाळणीचंही तसंच आहे, आणि तिच्याखाली काय पडतं हे तिच्या छिद्रांवरून सांगता येतं.

ही छिद्रं कशी पडली ते आधी पाहू. २००० साली अमेरिकेत मुलांच्या इंटरनेट संरक्षणाचा कायदा झाला. इंटरनेटच्या खर्चात सरकारी सवलत हवी असेल (ती २० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत मिळते), तर शाळेने फिल्टर बसवलाच पाहिजे, अशी त्यात अट आहे. पण कायद्याचा रोख अश्लील आणि मुलांना अपायकारक चित्रांवर आहे. फिल्टरने खेळ अडवावेत असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. खेळ अडवतात ते शाळेचे आयटीवाले, आपल्या अखत्यारीत. अडवतात कशावरून? मुख्यतः पत्त्यावरून. आता बहुतेक सगळी वाहतूक कुलूपबंद असल्यामुळे शाळेच्या तारेवर बसलेल्या फिल्टरला संकेतस्थळाचं नाव दिसतं, आतलं पान दिसत नाही. क्रोमबुकमध्येच बसवलेल्या फिल्टरला पूर्ण पत्ता दिसतो. तरी त्याचीही पहिली भिस्त पत्त्यांच्या यादीवरच असते. त्यामुळे एखादा खेळ गूगल साइट्सवरच्या पानात नेऊन ठेवला की पंचाईत होते, कारण त्याच गूगल साइट्सवर शिक्षकांचे धडे असतात. सगळं स्थळ बंद करावं तर धडेही जातात. एकेक पान बंद करावं तर संध्याकाळपर्यंत दुसरं उभं राहतं. म्हणजे पत्ता मरतो आणि खेळ नव्या पत्त्यावर राहायला जातो. पण घर बदलणं ज्याला परवडतं त्यालाच हे जमतं, आणि खरी निवड इथेच होते.

‘२०४८’ हा खेळ जवळून पाहण्यासारखा आहे. गाब्रिएले चिरुली या एकोणीस वर्षांच्या इटालियन मुलाने मार्च २०१४ मध्ये तो एका शनिवार-रविवारात लिहिला. चार बाय चारचा पट, चार बाणांच्या कळा, दोनाला दोन भिडले की चार. मूळ कल्पना त्याची नव्हती. त्याच्या आधी महिनाभर ‘थ्रीज’ नावाचा देखणा मोबाइल खेळ आला होता, त्याच्या कर्त्यांनी त्यावर वर्षाहून जास्त काळ घालवला होता, आणि माझ्या मते खेळ म्हणून तोच सरस आहे. पण तो विकत घेऊन फोनवर चढवायचा. चिरुलीने आपला कोड गिटहबवर एमआयटी परवान्याखाली खुला ठेवला : कोणीही घ्या, बदला, कुठेही लावा. सगळा पसारा मूठभर फायलींचा, मागे सर्व्हर नाही, लॉगिन नाही. घर बदलायला याच्याइतकं सोपं बिऱ्हाड नाही. शिवाय तो मांडलेला पट ब्राउझरच्याच साठ्यात लिहून ठेवतो. शिक्षक मागे येऊन उभे राहिले, टॅब मिटवला, तासाभराने पुन्हा उघडला, तर आकडे जिथल्या तिथे असतात. वर्गात चोरून खेळायच्या खेळाला याहून मोठा गुण नाही.

या साठ्याची एक खोड मात्र फारसं कोणी लक्षात घेत नाही. ब्राउझर तो पत्त्यागणिक वेगळा ठेवतो. एका पत्त्यावर साठवलेली प्रगती दुसऱ्या पत्त्यावरच्या प्रतीला दिसत नाही. म्हणजे पत्ता बंद झाला की खेळच नव्हे, महिनाभराची कमाईही जाते. ‘२०४८’मध्ये गेला तर एक डाव जातो, ज्या खेळात महिनोन्‌महिने राज्य उभारायचं, त्यात सगळंच जातं. म्हणून दीर्घ प्रगतीचे खेळ या वातावरणात टिकायला नकोत. मग ‘कुकी क्लिकर’ कसा टिकला? ज्युलियां तिएनो या फ्रेंच माणसाच्या २०१३ च्या या खेळात तर बिस्किटं साठवत राहण्यापलीकडे काही नाहीच. उत्तर त्याच्या मेनूत आहे : सगळी प्रगती एका लांबलचक अक्षरओळीच्या रूपात बाहेर काढता येते आणि दुसऱ्या प्रतीत चिकटवता येते. मुलं ती ओळ आपल्या एखाद्या डॉक्युमेंटमध्ये ठेवू शकतात. उलट उदाहरण ‘अगारडॉटआयओ’चं. २०१५ साली त्याने जगाला वेड लावलं, पण त्याला सतत सर्व्हरशी बोलावं लागतं. पानाच्या प्रती कितीही लावा, फिल्टरने तो सर्व्हर अडवला की सगळ्या एकदम आंधळ्या होतात.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे : ‘२०४८’ कचेऱ्यांतल्या मोठ्या माणसांनीही खेळला, मग शाळेच्या चाळणीला श्रेय कशाला? खेळ शाळेत जन्मला असं मी म्हणत नाही. बाहेर साथ ओसरली आणि लोक पुढच्या खेळाकडे गेले. शाळेत तो राहिला, कारण बाहेर पुढचा खेळ उघडता येतो आणि शाळेत येत नाही. मला टिकण्याचं कारण हवं आहे, जन्माचं नव्हे. दुसरा आक्षेप ‘स्लोप’सारख्या त्रिमितीय खेळांचा. त्यांच्या फायली जड असतात, मग माझ्या आकाराच्या सिद्धान्ताचं काय? आकार म्हणजे फक्त मेगाबाइट नव्हेत. ‘स्लोप’मध्ये चेंडू उतारावरून घरंगळतो, डावी-उजवी कळ, आपटला की डाव संपला, बहुधा मिनिटाच्या आत. जतन करण्यासारखं काही नाही, मागे सर्व्हर नाही, त्यामुळे प्रत कुठेही चालते. जड असला तरी तो त्याच छिद्रातून पडतो.

सुरुवातीचा प्रश्न विचारणाऱ्या शिक्षक-वाचकाचीच सूचना आहे की बंदीची यादी सोडा, फक्त परवानगीची यादी ठेवा. परीक्षेच्या तासाला तसं करतातही. रोजच्या वर्गात मात्र त्या यादीत स्क्रॅच येणारच, एमआयटीने २००७ साली मुलांना प्रोग्रामिंग शिकवण्यासाठी खुलं केलेलं. तिथे मुलांनीच रचलेल्या खेळांचे ढीग आहेत आणि ‘२०४८’च्या नकलाही. त्या बंद करायच्या तर संगणकाचा तासच बंद करावा लागेल.

मग जाळंच तोडलं तर? क्रोममध्ये २०१४ पासून नेट नसताना दिसणारा छोटा डायनोसॉर आहे. स्पेसबार दाबला की तो धावतो, निवडुंगांवरून उड्या मारतो. २०१८ साली गूगलनेच आकडा दिला होता : महिन्याला सुमारे २७ कोटी डाव. अभ्यासाच्या वेळी मुलं, आणि कामाच्या वेळी मोठेही, त्यात इतके रमले की व्यवस्थापकांसाठी तो बंद करण्याची सोय गूगलला करावी लागली. संस्थेच्या नावावर नोंदवलेल्या क्रोमबुकवर आता तो मुळातच बंद असतो. या यंत्राच्या मालकाने डायनोसॉरचा खेळ बंद केला आहे, अशी पाटी येते. पण क्रोमचा पाया असलेल्या क्रोमियमचा कोड खुला आहे, तेव्हा डायनोसॉरही कधीच बाहेर काढून साध्या पानांवर नेऊन ठेवला गेला. नेट नसताना वेळ जावा म्हणून केलेला हा खेळ शाळेतल्या मुलाला आता नेट असेल तरच खेळता येतो.