एक घास पेट्रोल, पंधरा घास हवा!

एक लिटर पेट्रोल जाळायला गाडीला किती हवा लागत असेल? बादलीभर? छे! गच्चीवर हजार लिटरची पाण्याची टाकी असते ना, तशा जवळजवळ नऊ टाक्या भरून! वजनात सांगायचं तर १ ग्रॅम पेट्रोलला १४.७ ग्रॅम हवा.

हवा कमी पडली तर? गॅसच्या बर्नरमध्ये कचरा अडकला की निळी ज्योत पिवळी होते आणि पातेल्याचं बूड काळं पडतं, ते आठवा. इंजिनातही पेट्रोल अर्धवट जळतं. कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो आणि पेट्रोल वाया जातं ते वेगळंच.

मग थोडी जास्तच हवा देऊ या की! मायलेज वाढेल. खरंच वाढतं. पण हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. सिलिंडरमधली ज्योत मात्र २००० अंश सेल्सिअसच्याही वर तापते, तेव्हा तो उरलेल्या ऑक्सिजनशी गट्टी करतो. झाले नायट्रोजन ऑक्साइड तयार! शहरावरच्या तपकिरी धुरक्यात हेच असतात.

यावर उपाय आहे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. धूर जाण्याच्या वाटेवर बसवलेली, मधाच्या पोळ्यासारखी जाळी. तिला प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा महागड्या धातूंचा पातळ लेप असतो. गंमत बघा, ती नायट्रोजन ऑक्साइडचा ऑक्सिजन काढून कार्बन मोनॉक्साइडला देते. एका फटक्यात दोन्ही विषं गायब!

पण धुरात मोकळा ऑक्सिजन उरला असेल, तर कार्बन मोनॉक्साइड आधी तोच उचलतो आणि नायट्रोजन ऑक्साइड तसेच बाहेर सुटतात. म्हणून थोड्या मायलेजवर पाणी सोडून इंजिन १४.७ चा काटा सांभाळतं. धुराच्या नळीत बसवलेला बोटाएवढा ऑक्सिजन सेन्सर सतत ‘वास’ घेतो आणि गाडीतला कॉम्प्युटर लगेच पेट्रोल कमी-जास्त करतो. १९७६ साली स्वीडनच्या व्होल्वो कंपनीने हा सेन्सर पहिल्यांदा गाडीत बसवला.

कार्बन डायऑक्साइड मात्र या जाळीला दाद देत नाही. लिटरमागे तो सव्वादोन किलोहून जास्त बाहेर पडतो! तो कमी करायचा, तर पेट्रोलच कमी जाळायला हवं. म्हणून सिग्नलचा आकडा साठच्या वर दिसला, की बाबांच्या पाठीवर टकटक करा आणि सांगा, “बाबा, इंजिन बंद!”