महात्मा फुले वाडा

नरडाण्याकडील आमच्या कास्तकार बंधूंस कामानिमित्त पुण्यास जाणें पडतें. त्या वेळीं त्यांनीं गंज पेठेंतील महात्मा फुले वाडा अवश्य पाहावा. १८७३ सालीं स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाचे पहिले अध्यक्ष जोतीराव फुले यांचें हें राहतें घर आज संरक्षित स्मारक आहे. आवारांत त्यांची समाधि आहे. बंधारे बांधून पाणी अडवावें, असें ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ च्या ग्रंथांत त्यांनीं सांगितलें. त्यापूर्वींच, १८६८ सालीं, त्यांनीं घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुला केला होता. वाड्याची निगा सरकार राखील; आपल्या विहिरीचें पाणी कोणास मिळतें, हें मात्र आपणच पाहिलें पाहिजे.