तक्त्यात नसलेलं मांस

14 नोव्हेंबर 2025 ला, शुक्रवारी, मधुमेह दिन झाला आणि रिवाजाप्रमाणे आहाराचे तक्ते वाटून झाले. सकाळी भिजवलेल्या मेथ्या, दुपारी दोन फुलके, मूग, कारलं, वाटीभर ताक. मांसाहाऱ्यांसाठी तळाशी एक ओळ: कातडी काढलेलं चिकन किंवा मासे, आठवड्यातून दोनदा. डुकराच्या मांसाचा उल्लेख नाही. खा म्हणून नाही आणि खाऊ नका म्हणूनही नाही. ते खाणाऱ्यांना साखर होतच नसावी, असा एकूण थाट.

भिलाईच्या सेक्टर 10 मध्ये राहणाऱ्याला हे जरा जास्तच खटकतं. 1955 साली पोलाद कारखान्यासाठी रशियाशी करार झाला, 1959 मध्ये पहिली भट्टी पेटली आणि प्लांटबरोबर ही टाउनशिप वसली, ती सगळ्या देशातून माणसं गोळा करून. त्यामुळे एकाच ओळीतल्या क्वार्टरांमध्ये रविवारी तऱ्हेतऱ्हेची पातेली चढतात. मल्याळी ख्रिस्ती घरात मिरे, कढीपत्ता आणि खोबऱ्याच्या कातळ्या घालून परतलेलं पोर्क. जशपूरकडून आलेल्या उरांव कुटुंबात आलं-लसणाचा साधा रस्सा. आपल्या मराठी मुलुखातही हे मांस परकं नाही. वसईच्या ख्रिस्ती घरांत इंदयाल होतं, गोव्यात विंदालू आणि सोरपोतेल. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवर काय शिजत होतं आणि ते लिहायला कुणी का धजावलं नाही, हे शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ने दाखवून दिलंच आहे. आहारतज्ज्ञांनी ते वाचायला हरकत नाही. जात अशी तक्त्यातूनही डोकावते.

गोव्याचा विषय निघालाच आहे तर एक आकडा. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये ‘लॅन्सेट’च्या मधुमेहविषयक नियतकालिकात आले, तेव्हा भारतात सर्वाधिक मधुमेह गोव्यात निघाला, 26.4 टक्के. लगेच काहींनी डुकराच्या मांसाकडे बोट दाखवलं. पण आकड्यात गोव्याला अगदी खेटून पुदुच्चेरी आहे, 26.3 टक्के; पाठोपाठ केरळ, 25.5. पुदुच्चेरीत काय घरोघरी सोरपोतेल शिजतं? या तिन्ही ठिकाणी शहरी वस्ती, सुबत्ता आणि वाढलेलं आयुर्मान समान आहे, आणि ताटात भात.

भात हाच खरा मुद्दा. त्याच पाहणीतला आहाराचा भाग 2025 च्या सप्टेंबरअखेर ‘नेचर मेडिसिन’मध्ये आला. 18 हजारांवर माणसांचं खाणं तपासलं, तेव्हा भारतीय माणूस 62 टक्के कॅलरी पिष्टमय पदार्थांतून घेतो असं दिसलं, त्यातही पांढरा तांदूळ, दळलेली धान्यं, साखर. एकूण पिष्ट कमी न करता नुसता तांदळाऐवजी गहू किंवा नाचणी-ज्वारी आणल्यानं धोका कमी झालेला दिसला नाही. मिलेटवाल्यांनी ही ओळ फ्रेम करून लावावी. जरासं पिष्ट काढून त्या जागी डाळी, दूध-दही, अंडी किंवा मासे यांतली प्रथिनं आली, तर मात्र मधुमेहाची शक्यता कमी दिसली. लाल मांस त्या लाभाच्या यादीत नव्हतं, हेही सांगून टाकतो.

आणि डुकराचं मांस लालच. 1987 मध्ये अमेरिकी उत्पादकांनी ‘हेही पांढरं मांसच’ अशी जाहिरात चालवली, त्यावर जाऊ नका. शिजल्यावर फिकट दिसतं एवढंच. पण ‘लाल’ म्हटलं की विषय संपला, असंही नाही. या जनावराच्या अंगात दोन वेगवेगळी मांसं आहेत. कण्याच्या आतल्या बाजूची लांबट लोळी, म्हणजे टेंडरलॉइन, चरबी काढून घेतली तर 100 ग्रॅम कच्च्या मांसात साधारण 110 कॅलरी, 21 ग्रॅम प्रथिनं आणि जेमतेम 2 ग्रॅम चरबी असते. कातडी काढलेल्या कोंबडीच्या छातीच्या तोडीस तोड. तेच पोटाचं मांस घ्या: 500 च्या वर कॅलरी, 50 ग्रॅमच्या वर चरबी आणि प्रथिनं 10 ग्रॅमसुद्धा नाहीत. पिष्ट दोन्हीत शून्य. म्हणजे ‘पोर्क चालेल का?’ या प्रश्नाला उत्तरच नाही. कुठलं, किती आणि कशाबरोबर, हे विचारा.

‘कुठलं’ हे दुकानात ठरतं आणि खरी अडचण तिथेच. आपल्याकडचा दुकानदार कातडी, चरबी, हाड, मांस सगळं एकत्र तोडून तराजूत टाकतो, कारण बहुतेक गिऱ्हाइकांना चरबीच हवी असते. ‘भैया, बिना चर्बी का, पीछे की टांग का’ असं म्हटलं की तो आधी चेहरा बघतो आणि मग हमखास विचारतो, ‘मरीज के लिए?’ हो म्हणायचं. मागच्या मांडीचा अख्खा तुकडा घ्यायचा, तोडून घ्यायचा नाही. घरी धारदार सुरीनं वरची पांढरी चरबी आणि पातळ पापुद्रा सोलून काढायचा. पापुद्रा राहिला तर शिजताना आवळतो आणि फोडी वाकड्या होतात.

आता शिजवणं. आपल्या सगळ्या जुन्या पोर्कच्या कृती चरबीच्या भरवशावर रचलेल्या आहेत. चरबी वितळते, त्यातच मांस परततं, मऊ होतं. चरबी काढली की तीच कृती लाकूड तयार करते. कुकर तर बिनचरबीच्या पोर्कचा वैरी. तीन शिट्ट्यांत सुतळ्या हातात येतात. त्यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही जुनेच: आंबट आणि सबुरी. चार माणसांना अर्धा किलो पुरे. सुपारीएवढ्या फोडी करा. दोन मोठे चमचे सिरका, दहा-बारा लसूणपाकळ्या, बोटभर आलं, चमचाभर भरडलेले मिरे, हळद आणि बेताचं मीठ चोळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. विंदालूची युक्ती हीच, फक्त काही घरांत त्यात पडणारी चिमूटभर साखर वगळायची. सिरका नको असेल तर आमसूल. गोव्यात तसंही करतात.

दुसऱ्या दिवशी जाड बुडाच्या कढईत दोन छोटे चमचे तेल, कढीपत्ता, दोन कांदे. कांदा गुलाबी झाला की मांस टाका, मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं परता आणि मग आच अगदी मंद करा. झाकणावर पाणी ठेवून चाळीसेक मिनिटं अंगच्या रसातच शिजू द्या; तळ धरायला लागलं तरच झाकणावरचं गरम पाणी घाला. शेवटच्या दहा मिनिटांत मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा. सेक्टर 10 मध्ये त्या विकत घ्याव्या लागत नाहीत, कुणाच्या ना कुणाच्या बागेतून येतात. मुनगा नसेल तर फरसबी किंवा पत्ताकोबी. बटाटा मात्र नको. खोबऱ्याच्या कातळ्या चवीपुरत्या, चार-सहा.

मांडीचं मांस मिळालं नाही आणि खांद्याचं चरबीवालं घ्यावंच लागलं, तर ते आदल्या दिवशी शिजवून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर पांढरी साय थिजलेली दिसेल. ती चमच्यानं उचलून फेकायची. रस्सा मुरतो, चरबी जाते. कुठलंही महागडं तेल आणि कुठलंही एअर फ्रायर यापुढे मला फुकट वाटतं.

ही वाटी रोज खायची का? नाही. 2024 च्या ऑगस्टमध्ये 20 देशांतल्या 19 लाखांवर माणसांच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज 100 ग्रॅम ताजं लाल मांस खाणाऱ्यांत मधुमेहाचा धोका सुमारे 10 टक्के जास्त दिसला. सॉसेज, हॅम, बेकनसारखं टिकवलेलं मांस रोज 50 ग्रॅम खाल्लं तर 15 टक्के. असे अभ्यास संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत. तरी ताजं आणि टिकवलेलं यातला फरक लक्षात घेण्याजोगा आहे. आठवड्यातून एकदा घरी केलेलं बिनचरबीचं पोर्क मला गैर वाटत नाही. गोव्याहून कुणी आणलेले चोरीस, म्हणजे तिथलं सॉसेज, मात्र चव म्हणून, दोन मणी, भाजीत चुरून. मीठ आणि चरबी इतकी असते की त्यांना जेवण म्हणता येत नाही.

जंतांची भीती पुष्कळांना वाटते, ती अर्धी खरी आहे. अर्धंकच्चं पोर्क खाल्लं तर आतड्यात पट्टकृमी होऊ शकतो, म्हणून आत गुलाबी राहू द्यायचं नाही. मेंदूत गाठी होण्याचा आजार मात्र त्या मांसातून सरळ होत नाही. पट्टकृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून अंडी पाण्यात, कोथिंबिरीवर, हातावर येतात आणि ती पोटात गेली की हा आजार होतो. जन्मभर शाकाहारी असलेल्यालाही तो होतो. कोथिंबीर धुऊन घ्या.

राहिलं ‘कशाबरोबर’. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल मेडिकल कॉलेजमध्ये अल्पना शुक्ला आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये 11 मधुमेही माणसांवर एक छोटा प्रयोग केला. जेवण तेच, क्रम वेगळा: एकदा पाव आणि संत्र्याचा रस आधी, एकदा चिकन आणि भाज्या आधी. भाज्या-चिकन आधी खाल्लं तेव्हा तासाभरानंतरची साखर सुमारे 37 टक्के कमी भरली. माणसं फार थोडी, हे मान्य. पण फुकटची आणि बिनधोक युक्ती आहे, करून बघायला काय जातं? आपली पंगत नेमकी उलटी चालते. पहिला वाफाळता वरणभात, वर तूप, मग बाकीचं. छत्तीसगडात तर बासी, म्हणजे पाण्यात भिजवून ठेवलेल्या शिळ्या, भाताला मानाचं पान आहे. 2022 च्या कामगार दिनी तेव्हाचे मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी बोरे-बासी खाण्याचं आवाहन केलं होतं. भट्टीपुढे आठ तास घाम गाळणाऱ्याला तो भात पचला. निवृत्तीनंतर घाम थांबला, भात तेवढाच राहिला. शिजवलेल्या भाताच्या एका वाटीत साधारण 40 ग्रॅम पिष्ट असतं. पोर्कच्या त्या वाटीबरोबर एक वाटी भात वेगळा आणि तीन वाट्या वेगळ्या. तेव्हा आधी काकडी-मुळ्याची कोशिंबीर, मग मांस आणि मुनगा, शेवटी वाटीभर भात.

एक मात्र सांभाळा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल आणि भात एकदम निम्म्यावर आणला, तर औषध तेवढंच राहून साखर धोकादायक खाली जाऊ शकते. मूत्रपिंडावर परिणाम झालेला असेल, तर प्रथिनं वाढवणंच चुकीचं ठरू शकतं. क्रिॲटिनिनचा ताजा रिपोर्ट घेऊन आधी सेक्टर 9 च्या हॉस्पिटलात किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा, आणि आपण पोर्क खातो हे त्यांना न लाजता सांगा.