कोणाची डिस्क कोणाला दिसते?

घरात कुणी डेटा सेंटरमध्ये कामाला असेल, तर शनिवारी रात्री जेवताना "आज झोनिंग आहे, उशीर होईल" हे वाक्य तुमच्या कानावर पडलं असेल. झोनिंग म्हटलं की आपल्याला महापालिकेचा विकास आराखडा आठवतो. इथे जमिनीचा काही संबंध नाही. कुठल्या सर्व्हरला कुठलं स्टोरेज दिसेल, एवढंच इथे ठरतं. काम तसं थोड्या वेळाचं. पण ते चुकलं तर काय होतं हे कळलं, की त्यासाठी रात्रीची वेळ का निवडतात तेही कळतं.

आपल्या लॅपटॉपची डिस्क लॅपटॉपच्या पोटातच असते. मोठ्या बँकेच्या किंवा हॉस्पिटलच्या सर्व्हरचं बऱ्याचदा तसं नसतं. त्यांच्या डिस्क एका वेगळ्या कपाटात, ढिगाने एकत्र ठेवलेल्या असतात. सर्व्हर आणि कपाट यांच्यामध्ये खास स्विच असतात आणि काचेच्या तंतूंच्या केबल. या जाळ्याला स्टोरेज एरिया नेटवर्क, थोडक्यात सॅन, म्हणतात. त्यात फायबर चॅनल नावाचं तंत्र वापरतात. १९९४ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने त्याला मान्यता दिली आणि ते अजून पाय रोवून आहे.

गोम अशी, की सर्व्हरला ही लांबची डिस्क स्वतःच्याच पोटातली वाटते. ऑफिसातल्या शेअर्ड फोल्डरसारखं हे नाही. तिथे मध्ये एक कॉम्प्युटर असतो आणि "थांबा, ही फाइल दुसऱ्याने उघडली आहे" असं तो सांगू शकतो. सॅनमध्ये असा मध्यस्थ नाही. डिस्कवर कुठली जागा रिकामी आहे, याचा हिशेब प्रत्येक सर्व्हर आपल्या डोक्यात ठेवतो. आता एकच डिस्क दोन सर्व्हरना दिसली तर? दोन माणसं एकमेकांना न विचारता एकाच वहीत जमाखर्च लिहू लागली तर जे होईल, तेच. लाल दिवा लागत नाही, कुणी ओरडत नाही. एकाच्या नोंदीवर दुसऱ्याची नोंद चढत जाते आणि पुढे कधीतरी जुनी फाइल उघडावी, तर आत भलतंच निघतं. (मुद्दाम डिस्क वाटून घेणारी सॉफ्टवेअर असतात, ती आपसात बोलून चालतात. त्यांची गोष्ट वेगळी.)

विंडोज सर्व्हरच्या जुन्या आवृत्त्या तर दिसेल ती डिस्क आपली समजून जोडून घ्यायच्या. २००८ च्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ही खोड मोडली. वरच्या श्रेणीच्या आवृत्त्यांत अशा सामायिक जाळ्यावरची नवी डिस्क माणसाने सांगितल्याशिवाय चालू होत नाही. तरीही खरा बंदोबस्त स्विचवरच करायचा असतो.

सर्व्हरच्या कार्डाला आणि स्टोरेजच्या प्रत्येक पोर्टाला जगात एकमेव असं नाव असतं. त्याला वर्ल्ड वाइड नेम म्हणतात. ० ते ९ आणि ए ते एफ यांतून केलेलं, १६ अक्षरांचं. आधारचा १२ आकडी नंबर यापुढे सोपा वाटावा! म्हणून अनुभवी लोक त्याला 'पगार सर्व्हर, कार्ड १' असं टोपणनाव देतात. मग सर्व्हरचं टोपणनाव आणि स्टोरेजचं टोपणनाव एका गटात टाकलं, की तो झाला झोन. एका झोनमधली उपकरणं एकमेकांना दिसतात. ज्यांचा एकही झोन समान नाही, त्यांना एकमेकांचा पत्ता लागत नाही. पूर्वी काही स्विच पत्ता फक्त लपवत. आता स्विचमधली चिप तसा डेटा पुढे जाऊच देत नाही.

कार्ड जळून नवं बसवलं की त्याचं नाव नवं, आणि यादी त्याला ओळखत नाही. टोपणनाव असेल तर एकाच जागी दुरुस्ती पुरते. काही जण कार्डाऐवजी स्विचच्या पोर्टवरून झोन करतात. त्यात कार्ड बदललं तरी बिघडत नाही, पण केबल चुकून शेजारच्या पोर्टात गेली तर शेजाऱ्याचे हक्क मिळतात. मला नावाची पद्धतच बरी वाटते.

आळशी माणूस सगळ्यांना एकाच झोनमध्ये कोंबतो. १० सर्व्हर आणि स्टोरेजचे २ पोर्ट एकत्र टाकले, तर १२ सदस्यांच्या ६६ जोड्या होतात. त्यांतल्या कामाच्या फक्त २०. उरलेल्या ४६ पैकी ४५ जोड्या सर्व्हर-सर्व्हरच्या, ज्यांना या जाळ्यावर एकमेकांशी बोलायचंच नसतं. शिवाय एक सर्व्हर बंद-चालू झाला की त्याची वर्दी झोनमधल्या इतरांनाही जाते. म्हणून रीत अशी, की एका झोनमध्ये सर्व्हरचं एकच कार्ड. टायपिंग वाढतं, कंटाळा येतो, पण रीत तीच.

खरा घात होतो शेवटच्या पायरीवर. सगळ्या झोनची मिळून एक यादी असते आणि एका वेळी एकच यादी लागू असते. नवखा माणूस नव्या सर्व्हरसाठी नवीन यादी करतो, तिच्यात तेवढा एकच झोन टाकतो आणि ती लागू करतो. नवा सर्व्हर छान चालतो. बाकी सगळ्यांच्या डिस्क त्याच क्षणी नाहीशा! डेटा पुसला जात नाही, पण चालता डेटाबेस मध्येच थांबतो आणि काउंटरवर रांग लागते. यावर उपाय म्हणून एकमेकांना न जोडलेली दोन जाळी ठेवतात, ए आणि बी, आणि प्रत्येक सर्व्हरचं एकेक कार्ड दोन्हीत. बदल आधी फक्त ए मध्ये. सगळे सर्व्हर तपासून झाले, की मगच बी. दोन्हीत एकदम हात घालणाऱ्याला दोन जाळ्यांचा काही उपयोग नाही.

याशिवाय कपाटालाही स्वतःचं कुलूप असतं. झोन सर्व्हरला कपाटापर्यंत पोचवतो. आतला कुठला कप्पा त्याचा, हे कपाट वेगळं ठरवतं. त्याला मास्किंग म्हणतात. दोन्ही नोंदी वेगवेगळ्या ठिकाणी कराव्या लागतात, त्यामुळे एकीकडची चूक दुसरीकडे अडते. फक्त जुन्या नोंदी दोन्हीकडे राहून जातात. निवृत्त सर्व्हरचं कार्ड काढून कुणी दुसऱ्या मशीनमध्ये बसवलं, तर कार्डाबरोबर जुनं नाव जातं आणि जुने हक्कही. म्हणून सर्व्हर भंगारात काढताना आधी झोन आणि मास्किंगमधून त्याचं नाव कमी करायचं, केबल त्यानंतर उपटायची.