तळपायाला चटका कळतो का?

उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन ठिकाणी हमखास गर्दी असते : देवस्थाने आणि वॉटर पार्क. दोन्हीकडे चपला बाहेर राहतात, एकीकडे श्रद्धेने आणि दुसरीकडे नियमाने. मग पुढचे तास-दोन तास, कधी अख्खा दिवस, उघड्या पायांनी दगड, फरशी, काँक्रीट, लोखंडी जाळ्या तुडवल्या जातात. बहुतेकांना त्याने काही होत नाही. पाय पोळला की माणूस टाचा उचलत सावली गाठतो. प्रश्न आहे तो ज्यांना पाय पोळतोय हेच कळत नाही, त्यांचा.

भर दुपारी हवेचे तापमान ४० अंश सेल्सिअस असते, तेव्हा उन्हात तापलेला काळा दगड किंवा डांबर ६० अंशांच्याही वर जाऊ शकते. १९४७ मध्ये मॉरिट्झ आणि हेन्रिकेझ या अमेरिकी संशोधकांनी त्वचा किती तापमानाला किती वेळात भाजते, याचे मोजमाप केले. त्वचेचे तापमान ४४ अंश झाले, तर इजा व्हायला सुमारे सहा तास लागतात. ६० अंशांना मात्र साधारण पाच सेकंद पुरतात. तळपायाची कातडी जाड असल्याने थोडी सवलत मिळते, पण ती फार नाही. दर्शनाच्या रांगेत माणूस एका जागी काही मिनिटे उभा असतो.

पृष्ठभाग कोणता, यानेही फरक पडतो. लाकूड आणि लोखंड एकाच उन्हात तापले, तरी लोखंडाचा चटका जास्त बसतो, कारण ते आपली उष्णता पायाला झटकन देते. दगडाचेही तसेच. पांढरा रंग ऊन परतवतो, म्हणून काही देवळांत प्रदक्षिणेच्या वाटेवर पांढरे पट्टे मारतात किंवा काथ्याच्या चटया अंथरून त्यांवर पाणी मारतात. उपाय साधा आहे आणि उपयोगीही.

वेदना हेच संरक्षण

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, की नसा खराब होऊ लागतात. शरीरातल्या सर्वांत लांब नसा कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून पहिला फटका त्यांनाच बसतो. सुरुवातीला मुंग्या येतात, तळवे जळजळतात, कापसावर चालल्यासारखे वाटते. पुढे पाय बधिर होतात. बधिर पाय दुखत नाहीत, त्यामुळे त्रास कमी झाला असाच समज होतो. प्रत्यक्षात धोका वाढलेला असतो.

अशी व्यक्ती तापलेल्या फरशीवर शांतपणे चालते. घरी आल्यावर फोड दिसतो किंवा लादीवर रक्ताचा ठसा उमटतो, तेव्हा कुठे कळते. पायाचा रक्तपुरवठाही मंदावलेला असेल, तर जखम लवकर भरत नाही. जंतुसंसर्ग हाडापर्यंत गेला, तर बोट किंवा पाऊल गमावण्याची वेळ येते.

वेदनेचे हे महत्त्व जगाला समजावले ते भारतात काम केलेल्या एका शल्यचिकित्सकाने. डॉ. पॉल ब्रँड वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात कुष्ठरुग्णांवर उपचार करत. रुग्णांची बोटे रोगामुळे ‘झडतात’, अशी तेव्हा समजूत होती. ब्रँड यांनी दाखवून दिले, की नुकसान मुख्यतः संवेदना गेल्यामुळे होते. खिळा टोचतो, निखारा लागतो, चपलेचा पट्टा घासतो आणि रुग्णाला पत्ताच नसतो. अशा पायांसाठी मऊ रबराच्या तळाच्या चपला वापरात आल्या. ‘एमसीआर चप्पल’ या नावाने त्या आजही मिळतात आणि मधुमेहींनाही दिल्या जातात.

अनवाणी चालणे वाईट का?

नाही. निरोगी पायासाठी ते चांगलेही असू शकते. १९९२ मध्ये डॉ. राव आणि डॉ. जोसेफ यांनी भारतातील २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांपैकी ८.६ टक्क्यांचे तळपाय सपाट होते, अनवाणी वाढलेल्यांत हे प्रमाण २.८ टक्के होते. २०१९ मध्ये केनियातील लोकांवर झालेल्या अभ्यासात दिसले, की अनवाणी चालून घट्ट झालेली कातडी पायाचे रक्षण करते आणि तरी जमिनीचा स्पर्श तेवढाच कळतो.

पण ही कातडी वर्षांच्या सवयीने तयार होते. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहणाऱ्या किंवा वर्षातून एकदाच पदयात्रेला निघणाऱ्या शहरी माणसाचे तळवे मऊ असतात. शेतात राबणाऱ्याला जे जमते, ते त्याला पहिल्याच दिवशी जमेल असे नाही.

ओली फरशी, ओली माती

वॉटर पार्कमध्ये उन्हाबरोबर ओलही असते. तासन्‌तास भिजून कातडी मऊ पडते आणि खरखरीत काँक्रीटवर सोलवटते. तिथून चामखिळीचा विषाणू शिरू शकतो. बोटांच्या बेचक्यांत बुरशी वाढून चिखल्या होतात. तलावातल्या पाण्यात क्लोरिन असते, पण कपडे बदलण्याच्या खोलीतल्या ओल्या लादीवर त्याचा उपयोग नसतो. घसरगुंडीवर चप्पल चालत नाही, हे खरे. पण दोन घसरगुंड्यांमधल्या वाटेवर, स्वच्छतागृहात आणि शॉवरखाली ती पायात असावी.

विष्ठेने दूषित झालेल्या ओलसर मातीतून अंकुशकृमीच्या अळ्या थेट तळव्याच्या कातडीतून शरीरात जातात आणि आतड्यात राहून रक्त शोषतात. रक्तक्षयाचे ते एक जुने कारण आहे. पावसाळ्यात शहरात तुंबलेल्या पाण्यातून जाताना पायाला जखम असेल, तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. अशा पाण्यातून चालावे लागले, तर पाय साबणाने धुवावेत आणि प्रतिबंधक गोळीसाठी तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना भेटावे.

हे सांभाळा

- मधुमेहींनी दर्शनाला सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर जावे. चालत असेल तिथे जाड, पांढरे सुती मोजे घालावेत. रक्ताचा डाग त्यावर लगेच दिसतो.
- फरशीला हाताचा मागचा भाग लावून पाहावा. पाच सेकंद सहन होत नसेल, तर पाय ठेवू नये. हातही बधिर असतील, तर सोबतच्या व्यक्तीला पाहायला सांगावे.
- लहान मुलांना तापलेल्या जागी कडेवर घ्यावे. त्यांची कातडी पातळ असते.
- घरी आल्यावर पाय धुऊन बेचके कोरडे करावेत. तळवे आरशात पाहावेत.
- फोड फोडू नये. भाजल्यास वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. बर्फ, हळद, टूथपेस्ट लावू नये. मधुमेहींनी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

पाय बधिर आहेत का, हे घरीही पाहता येते. इंग्लंडमधील इप्सविच येथील रुग्णालयात तयार झालेल्या चाचणीला कोणतेही उपकरण लागत नाही. आई-वडिलांना डोळे मिटून बसवावे. दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला टोकावर एक-दोन सेकंद हलकेच बोट टेकवावे, दाबू नये. स्पर्श कळला, की त्यांनी सांगायचे. सहापैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत, तर डॉक्टरांकडून पायांची तपासणी करून घ्यावी आणि तोपर्यंत तापलेल्या जमिनीवर अनवाणी पाऊल टाकू नये.